ऑनलाइन नामांकनाचा प्रोटोटाइप: लॉगिनच्या स्क्रीनपासून सुरुवात करू नका

मार्च-एप्रिल आला की इंदूरमधली एमसीए आणि बी.ई.च्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट दाखवायला येतात. त्यात एक तरी "ऑनलाइन विद्यापीठ नामांकन प्रणाली", म्हणजे विद्यापीठाच्या दप्तरात विद्यार्थ्याचं नाव चढवण्याची सोय, असतेच. पहिली स्क्रीन लॉगिनची, दुसरी ओटीपीची, तिसरीवर चाळीस रकान्यांचा फॉर्म, चौथीवर हिरवी टिक आणि "धन्यवाद". दिसायला सगळं देखणं. मग मी विचारतो, "मुलीची अंकसूची (गुणपत्रिका) धूसर निघाली, बाबूंनी अर्ज परत पाठवला. आता तिला काय दिसतं?" सगळे एकमेकांकडे बघतात.

फॉर्म भरणं हा या सगळ्या प्रकारातला सोपा भाग आहे. भरलेला अर्ज पुढे पाच-सहा हातांतून फिरतो, परत येतो, अडकतो, कधी पैसे कापून गप्प बसतो. प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे खरी प्रणाली बांधण्याआधी करून बघायच्या नमुन्यात, हा प्रवास दिसला पाहिजे, आणि तोच नेमका गाळला जातो. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल असा आहे. तो बदलू नका.

लागणारं सामान: ए-फोर कागदांचा गठ्ठा, पेन्सिल, चिकटचिठ्ठ्या, एक वही. पहिल्या सहा टप्प्यांत लॅपटॉप उघडायचा नाही.

## १. आधी प्रश्न लिहा, मग दुपारभर बसून बघा

कागदाच्या डोक्यावर एकच वाक्य लिहा: या प्रोटोटाइपमधून आपल्याला काय कळायला हवं आहे? "प्रणाली सोपी आहे का" हा प्रश्न चालणार नाही, त्याला सगळे "हो" म्हणतात. चालेल असा प्रश्न: "परत आलेला अर्ज मुलगी कुणालाही फोन न करता दुरुस्त करून पुन्हा पाठवू शकते का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं समोर दिसतं.

मग भंवरकुआंच्या बाजूला एखाद्या एमपी ऑनलाइनवाल्याकडे (ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियॉस्कवर) जा आणि परवानगी घेऊन दुपारभर कोपऱ्यात बसा. कागदपत्रांचे फोटो काढू नका, फक्त वहीत टिपा. हे टिपायचं:

- माउस कुणाच्या हातात आहे? बहुतेक वेळा तो ऑपरेटरच्या हातात असतो. मुलगा शेजारी उभा राहून तोंडी सांगतो, वडील फाइल धरून असतात.
- ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? अनेकदा घरी असलेल्या भावाच्या. मग घरी फोन लागतो, आणि तोवर ओटीपीची मुदत संपते.
- कुठला कागद फाइलमध्ये सापडत नाही?
- कुठल्या रकान्यापाशी ऑपरेटर मागे वळून विचारतो?
- पावती कोण नेतं, कागदावर की फोनमध्ये फोटो काढून?

पहिल्या दोन मुद्द्यांनीच तुमच्या मनातला "वापरणारा" बदलतो. फॉर्म भरणारा, मजकूर सांगणारा आणि ओटीपी धरून बसलेला असे तीन वेगळे लोक असू शकतात. प्रत्येक स्क्रीनवर मग विचारा की हे वाचणार कोण.

कागदपत्रांची यादी तिथेच तयार होईल: दहावी-बारावीच्या अंकसूच्या, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), माइग्रेशन (एका बोर्डातून किंवा विद्यापीठातून दुसरीकडे जाण्याचा दाखला), मूल निवासी (रहिवासाचा दाखला), जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब आणि सदस्य ओळख क्रमांक), फोटो, सही. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: तो कोण देतं, आणि अर्जाच्या दिवशी तो हातात असतो का. माइग्रेशन आणि टीसी पुष्कळदा नंतर येतात. म्हणजे "हा कागद नंतर देईन" ही सोय तुमच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी. ती नसली की लोक टीसीच्या जागी दहावीची अंकसूची दोनदा चढवून पुढे सरकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सावध: नमुन्यासाठी बहिणीचा आधार क्रमांक घालणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. खरा आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून नमुन्याचे क्रमांक ० ने सुरू करा. भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, तेव्हा नमुन्याचा मोबाइल १ ने सुरू करा. चुकून कुणा खऱ्या माणसाला संदेश जाणार नाही.

## २. शब्द पक्के करा

पंजीयन, प्रवेश आणि नामांकन या तीन शब्दांचा घोळ अर्ध्या प्रोजेक्टांना बुडवतो.

पंजीयन म्हणजे पोर्टलवर तुमची नोंद झाली, खातं उघडलं. प्रवेश म्हणजे एखाद्या कॉलेजात किंवा विभागात जागा मिळाली आणि शुल्क भरून ती पक्की झाली. नामांकन म्हणजे विद्यापीठाच्या दप्तरात तुमचं नाव चढलं आणि क्रमांक मिळाला. परीक्षेचा फॉर्म पुढे याच क्रमांकावर भरला जातो. मुलगा कॉलेजात महिनाभर बसतो आहे आणि नामांकन अजून झालेलं नाही, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. तुमची प्रणाली या तिघांपैकी कुठलं काम करते ते ठरवा. तिन्ही करत असेल तर तीन वेगळे टप्पे दाखवा आणि प्रत्येकाचा क्रमांक वेगळ्या नावाने लिहा. नुसतं "आपला क्रमांक" असं लिहिलं की मुलं पंजीयनाचा क्रमांक नामांकनाच्या रकान्यात घालतात.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. आपण घरात मराठी बोलतो, पण इथे मुलाच्या हातातला कागद हिंदीत किंवा इंग्रजीत असतो. कागदावर "मूल निवासी" छापलेलं असताना स्क्रीनवर "अधिवास प्रमाणपत्र" लिहू नका. रामबागेतल्या आजोबांना तो शब्द आवडेल, नातवाला तो कुठला कागद ते कळणार नाही. मराठी आवृत्ती करायची हौस असेल तर सूचना मराठीत लिहा, कागदांची नावं मात्र कागदावर आहेत तशीच ठेवा.

तपासा: वहीत वीसेक शब्दांची यादी झाली का? त्यातला कुठलाही शब्द दोन अर्थांनी वापरलेला नाही ना?

## ३. अर्जाच्या अवस्था मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन दिवस लागले तरी हरकत नाही.

अर्ज कुठल्याही क्षणी कुठल्यातरी एका अवस्थेत असतो. प्रत्येक अवस्था एका चिकटचिठ्ठीवर लिहा आणि भिंतीवर लावा. साधारण अशा निघतात:

१. मसुदा: अर्धवट भरलेला, मुलीच्याच हातात.
२. सादर: पाठवला, अजून कुणी उघडलेला नाही.
३. सत्यापनात (पडताळणीत): बाबूंनी उघडला आहे.
४. त्रुटी: कारण लिहून परत पाठवला.
५. पुन्हा सादर: दुरुस्त होऊन आला.
६. पात्र: कागद ठीक, जागेची वाट.
७. जागा मिळाली, शुल्क बाकी.
८. शुल्काचं उत्तर आलेलं नाही.
९. प्रवेश पक्का, काही कागद बाकी.
१०. प्रवेश पक्का, कागद पूर्ण.
११. नामांकन झालं.
१२. रद्द: मुलीने केला, मुदत संपल्याने झाला किंवा अपात्र ठरल्याने झाला. कारणं तीन आहेत, तेव्हा चिठ्ठ्याही तीन लावा.

आता चिठ्ठ्यांमध्ये बाण काढा. प्रत्येक बाणावर लिहा, अर्ज कोण सरकवतं: मुलगी, बाबू, बँक की तारीख. तारीख हाही एक हात आहे हे लोक विसरतात. "त्रुटी" अवस्थेत पडलेल्या अर्जाचं शेवटच्या तारखेच्या रात्री बारा वाजता काय होतं? तो आपोआप रद्द होतो, की पुढच्या फेरीत जातो? हे तुम्ही ठरवायचं नाही, कॉलेजच्या प्रवेश समितीला विचारायचं. पण विचारायची आठवण या भिंतीवरच होते.

माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजसाठी मी असाच आराखडा केला आणि "सादर" ही एकच अवस्था ठेवली, "फॉर्म पाठवला" आणि "पैसे भरले" दोन्हींसाठी. कागदावर ते सुटसुटीत दिसत होतं. शेवटच्या दिवशी काहींचे पैसे कापले गेले पण पावती निघाली नाही, आणि यादीत ते कुठेच धड दिसेनात. दोन संध्याकाळी आम्ही बँकेची यादी आणि कॉलेजची यादी शेजारी ठेवून, पट्टी लावून, एकेक ओळ जुळवत बसलो होतो. वरची आठवी चिठ्ठी त्या दोन संध्याकाळींतून आली आहे.

तपासा: डोळे मिटून भिंतीवर बोट ठेवा. ज्या चिठ्ठीवर पडेल तिथे अर्ज अडकला असं समजा. तो कोण सोडवणार, आणि मुलीला ते कुठे दिसणार? दोन्हींची उत्तरं आली नाहीत तर पुढे जाऊ नका.

## ४. रकाने छाटा

आता फॉर्म, तोही अजून यादीच्या रूपात. चार स्तंभ आखा: रकाना, कुठल्या कागदावरून भरायचा, तो पुढे कोण वाचतं, आणि आधीच्या माहितीवरून आपोआप काढता येतो का. तिसरा स्तंभ रिकामा राहिला तर रकाना काढून टाका. चौथ्यात "हो" आलं तरी काढा. जन्मतारीख घेतल्यावर वय विचारायचं नाही. मिळालेले गुण आणि एकूण गुण घेतल्यावर टक्केवारी विचारायची नाही. टक्केवारी विचारली की कुणी मुख्य पाच विषयांची काढतो, कुणी सहांची.

नाव. इथे जरा थांबू, कारण मराठी घरांतली मुलं इथेच ठेचकाळतात. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर तिन्ही शब्द असतात. शाळेत नाव घालताना मात्र इथल्या रीतीने दोनच शब्द गेलेले असतात, कारण अंकसूचीवर वडिलांच्या नावाची वेगळी ओळ असते. मग "पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव" असे तीन रकाने दिले की सानिका दिलीप कुलकर्णी आधारप्रमाणे भरते, अंकसूचीवर असते सानिका कुलकर्णी, आणि सत्यापनात "नाव जुळत नाही" म्हणून अर्ज परत. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा वेगळा ताप: कुलकर्णीच्या शेवटी एका कागदावर आय, दुसऱ्यावर वाय.

उपाय साधा आहे. एकच लांब रकाना: "बारावीच्या अंकसूचीवर छापलं आहे अगदी तसंच पूर्ण नाव." वडिलांचं आणि आईचं नाव वेगळं. खाली एक प्रश्न: "आधारवर नाव वेगळ्या प्रकारे लिहिलं आहे का?" हो म्हटलं तर ते कसं आहे ते विचारा. बाबूंना दोन्ही नावं शेजारीशेजारी दिसली की ते शांतपणे निर्णय घेतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा प्रश्नही बराचसा इथेच सुटतो.

क्रमांक. समग्रचे दोन आयडी असतात: परिवाराचा ८ अंकी, सदस्याचा ९ अंकी. नुसतं "समग्र आयडी" लिहिलं तर रेशनच्या कागदावरून परिवाराचा घातला जातो. रकान्याच्या नावातच "९ अंकी सदस्य आयडी" असं लिहा. आधार आणि अपार (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) मात्र दोन्ही १२ अंकी, त्यामुळे अदलाबदल झाली तर अंक मोजून ती पकडता येणार नाही. दोन्ही विचारायचेच असतील तर एकाखाली एक ठेवू नका, वेगळ्या पानांवर ठेवा.

प्रवर्ग. आरक्षणाचे टक्के स्क्रीनवर छापू नका. मध्य प्रदेशात इतर मागास वर्गाचं आरक्षण २०१९ मध्ये १४ वरून २७ टक्के करायचं ठरलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. असे आकडे सेटिंगच्या तक्त्यात ठेवायचे, फॉर्मवर नाही. आणखी एक प्रश्न हवा: जातीचा दाखला कुठल्या राज्याचा? नाशिक-जळगावहून आलेल्या कुटुंबाकडे महाराष्ट्राचा दाखला असतो, आणि इथल्या राखीव जागेसाठी तो चालत नाही. हे फॉर्म भरतानाच कळलं पाहिजे. सत्यापनात कळलं तर पंधरा दिवस गेलेले असतात.

## ५. कागदावरच्या स्क्रीन, शेवटाकडून सुरुवातीकडे

ए-फोर कागदाचे चार समान तुकडे करा. एकेक तुकडा साधारण मोठ्या फोनएवढा होतो. पेन्सिलीने काढा, पट्टी वापरू नका. रेघ सरळ आली की बदलायचा जीव होत नाही.

काढण्याचा क्रम:

पहिली, परत आलेल्या अर्जाची स्क्रीन. "दस्तऐवज अमान्य" हे दोन शब्द लिहून मोकळे होऊ नका. असं लिहा: "बारावीच्या अंकसूचीची उजवी बाजू कापली गेली आहे, एकूण गुण दिसत नाहीत. पूर्ण पान दिसेल असा फोटो पुन्हा टाका. मुदत: १८ जून, सायंकाळी ५." खाली एकच बटण, आणि ते दाबल्यावर तेवढाच एक कागद बदलायला मिळावा. बाकी अर्ज बंद. सगळा फॉर्म उघडून दिला तर मुलगी एक चूक दुरुस्त करताना दुसरी करते आणि बाबूंना सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं.

दुसरी, बाबूंची सत्यापनाची स्क्रीन. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला भरलेली माहिती. परत पाठवण्याची कारणं आधीच तयार असलेल्या यादीतून निवडता यावीत, शिवाय एक मोकळी ओळ. कारणं टाइप करायला लावली तर दुपारी चारनंतर सगळीकडे "इनकरेक्ट" एवढंच येतं. त्यात त्यांचा दोष नाही, समोर ढीग असतो. यादी त्यांच्याच तोंडून घ्या. ही स्क्रीन मात्र मोठ्या कागदावर काढा, ऑफिसात संगणक असतो.

तिसरी, पावती. ती कागदावर छापली जाणार, काळ्या-पांढऱ्यात, शाई संपत आलेल्या प्रिंटरवर. रंगाने सांगितलेली कुठलीही गोष्ट तिथे मरते.

चौथी, "माझा अर्ज कुठे आहे". भिंतीवरच्या चिठ्ठ्यांपैकी आता कुठली, पुढची कुठली, आणि चेंडू कुणाकडे आहे. "तुम्हाला आत्ता काही करायचं नाही" हे वाक्य जिथे खरं असेल तिथे ठळक लिहा. कॉलेजच्या खिडकीवरची निम्मी रांग तेवढंच विचारायला आलेली असते.

यानंतर फॉर्मची पानं आणि अगदी शेवटी लॉगिन. लॉगिनवर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. फक्त फोन बदलला किंवा हरवला तर खात्यात शिरायची वाट काढून ठेवा.

कागद चढवण्याच्या पानावर एक नेहमीची चूक. "कमाल १०० केबी" असं लिहून लोक मोकळे होतात. फोनने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो आणि केबी म्हणजे काय हे मुलाला माहीत असेलच असं नाही. फोटो लहान करणं हे प्रणालीचं काम आहे. प्रोटोटाइपमध्ये तसंच दाखवा: फोटो घेतला, लहान केला, "अक्षरं वाचता येतात का?" म्हणून मुलीला मोठा करून दाखवला.

## ६. पैशांच्या चार वाटा

शुल्काची स्क्रीन काढताना सगळे "भरले" आणि "भरले नाहीत" अशा दोनच वाटा काढतात. आणखी दोन आहेत.

तिसरी वाट: खात्यातून पैसे गेले, पण बँकेकडून उत्तर आलं नाही. या स्क्रीनवर तीन गोष्टी हव्यात. व्यवहाराचा क्रमांक. "पुन्हा पैसे भरू नका" हे वाक्य, आणि नुसतं वाक्य नाही तर बटणही बंद. आणि उत्तर कधीपर्यंत कळेल ती तारीख. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे देताना रक्कम कापली गेली आणि तिकडे पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. पण प्रवेशाची मुदत उद्या संपत असेल तर पाच दिवसांनी पैसे परत येऊन काय उपयोग? म्हणून समितीला विचारा: या अवस्थेतल्या मुलीची जागा धरून ठेवायची का, आणि किती दिवस? उत्तर स्क्रीनवर लिहा.

चौथी वाट: प्रवेश रद्द केला, पैसे परत हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेत पायऱ्या आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के परत (त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, तोही ५,००० रुपयांच्या आत, कापता येतो). १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, आणि नंतर शून्य. करोनानंतरच्या काही वर्षांत आयोगाने याहून सवलतीचे वेगळे आदेश काढले. तेव्हा टक्केही सेटिंगमध्येच ठेवा. स्क्रीनवर मुलीला टक्क्यांचा तक्ता दाखवू नका, रक्कम दाखवा: "आज रद्द केलं तर इतके रुपये परत मिळतील. अमुक तारखेनंतर इतके."

तपासा: पैसे देणारं खातं मुलीचं नसतं, वडिलांचं किंवा कियॉस्कवाल्याचं असतं. परतावा कुठल्या खात्यात जाणार? कियॉस्कवाल्याच्या खात्यात गेला तर?

## ७. आता लॅपटॉप उघडा

कागद पक्के झाले की फिग्मा (स्क्रीन आखून एकमेकींना जोडायचं सॉफ्टवेअर) किंवा जे येत असेल ते घ्या. सगळ्या स्क्रीन जोडू नका. चार वाटा जोडा: सरळ गेलेला अर्ज, परत येऊन दुरुस्त झालेला, पैशांत अडकलेला, कागद बाकी असलेला. बाकी बटणं दाबल्यावर "ही स्क्रीन अजून केलेली नाही" असं स्पष्ट येऊ द्या. मेलेलं बटण चाचणीत माणसाला गोंधळवतं आणि तो स्वतःला दोष देतो.

- फोनसाठी ३६० पिक्सेल रुंदी घ्या. कियॉस्कच्या जुन्या संगणकासाठी १३६६ × ७६८. आपल्या नव्या लॅपटॉपवर छान दिसतं, याला काही अर्थ नाही.
- देवनागरीसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. "सत्यापन प्रक्रियाधीन" बटणात मावतं का ते खऱ्या शब्दांनी बघा, नकली मजकुराने नाही.
- अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १. करड्यावर करडं लिहायची फॅशन इथे नको.
- बोटाने दाबायची जागा ४८ पिक्सेलच्या आसपास.

रंग, लोगो, वाड्याचं चित्र, सगळं नंतर.

सावध: फिग्माच्या साध्या प्रोटोटाइपमध्ये खरं टायपिंग होत नाही. रकान्यावर टिचकी मारली की भरलेलं नाव अवतरतं. नाव आणि समग्र आयडीच्या रकान्यांत चुका होतात का हे तपासायचं असेल तर त्या एका पानाचं साधं एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारं खरं वेबपान) करा. आमच्याकडच्या मुलांना ते तासाभराचं काम आहे, पण ते टाळतात आणि मग चाचणीत नावाची एकही चूक सापडत नाही.

## ८. पाच जणांसमोर ठेवा, आणि गप्प बसा

वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं गणित प्रसिद्ध आहे: एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर पाच जणांत साधारण ८५ टक्के उघड होतात. पण ते एकाच प्रकारच्या पाच जणांसाठी. इथे प्रकार तीन आहेत: विद्यार्थी, कियॉस्कवाला, बाबू. प्रत्येक प्रकारचे तीन-चार तरी घ्या. विद्यार्थ्यांमध्ये एक सीबीएसईचा, एक एमपी बोर्डाचा, एक देपालपूर-सांवेरकडून रोज बसने येणारा असू द्या. हॉस्टेलमधले तुमचेच पाच मित्र घेतलेत तर चाचणी झालीच नाही.

काम असं द्या: "तुझ्या फोनवर कॉलेजचा मेसेज आला आहे. पुढे काय करायचं ते कर." असं देऊ नका: "त्रुटी सुधारच्या बटणावर जाऊन अंकसूची बदल." दुसऱ्या वाक्यात तुम्ही उत्तरच सांगून टाकलं.

मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. समोरचा अडला की आपल्या तोंडून "खाली बघ ना" निघतंच. एकाला समोर बसवा आणि दुसऱ्याला मागे वही घेऊन. मागचा फक्त तीन गोष्टी लिहील: कुठे थांबला, काय म्हणाला, काय दाबलं. "त्याला समजलं नाही" असं लिहायचं नाही, ते तुमचं मत झालं. "बारा सेकंद वरखाली केलं, मग 'हे कुठे आहे?' म्हणाला", हे लिहायचं.

बाबूंची चाचणी त्यांच्या टेबलावर, त्यांच्या संगणकावर घ्या आणि एकामागून एक दहा नमुना अर्ज द्या. पहिल्या अर्जाला सगळे काळजीपूर्वक वाचतात. खरी स्क्रीन सातव्या अर्जाला कळते.

दोघे एकाच ठिकाणी अडले तर ते पान पुन्हा कागदावर न्या. एकच अडला तर नोंद ठेवून पुढच्या फेरीत बघा. अवस्थांच्या पातळीवर चूक सापडली, म्हणजे "हा अर्ज नेमका कुठे आहे?" याचं उत्तरच नाही असं दिसलं, तर चाचणी तिथेच थांबवा आणि तिसऱ्या टप्प्याच्या भिंतीपाशी परत या. स्क्रीनचे रंग बदलून ते भागत नाही.

## ९. दुसऱ्याच्या हाती देताना

प्रोटोटाइपसोबत एक ए-फोर कागद द्या, त्यावर तीन याद्या. एक: काय पक्कं झालं आणि कुणी ठरवलं. दोन: काय नुसतं दाखवण्यापुरतं आहे (ओटीपी खरा नाही, पैसे कुठेच जात नाहीत, याद्या हाताने भरल्या आहेत). तीन: काय अजून ठरलेलं नाही आणि ते कुणाला विचारायचं. तिसरी यादी लांब असली तर लाजू नका. दुसरी यादी विसरलात तर महिन्याभरात कुणीतरी प्राचार्यांना "प्रणाली तयार आहे" असं सांगून येतो.

अवस्थांच्या भिंतीचा फोटो तारखेसकट जोडा. प्रोटोटाइपच्या प्रत्येक आवृत्तीच्या नावातही तारीखच घाला. "फायनल", "फायनल नवा", "फायनल खरा" हा सिलसिला आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

चाचणीत कुणाचा आवाज किंवा स्क्रीन रेकॉर्ड केली असेल तर काम संपल्यावर पुसून टाका, आणि पुसल्याची तारीख त्याच कागदावर लिहा. बारावी झालेली पुष्कळ मुलं सतरा वर्षांची असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठराखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून चाचणीला बसवण्याआधी जन्मतारीख विचारा. अठरा पूर्ण नसतील तर संमतीच्या कागदावर आई किंवा वडिलांची सही घ्या, आणि तो कागद मुलाच्या हाती आदल्या दिवशीच घरी पाठवा.